आईनं खाली ठेवेपर्यंत

३ ऑगस्ट

आलो एकदाचे! फोर्ट पोर्टल सोडल्यावर मिनीबसनं तीन तास आमची हाडं खिळखिळी केली. हाडांवर संशोधन करायला निघालेल्या बाईला हे असंच हवं, म्हणून मी हसून घेतलं. मुतेसी सगळा रस्ता शेजारच्या माणसाच्या मांडीवरच्या कोंबडीशी गप्पा मारत आली. जेमतेम आठ महिन्यांची आहे, पण तोंडानं माझ्या सासूवर गेली आहे.

संशोधन केंद्राची जागा झकास आहे. पत्र्याच्या छपराच्या सहा खोल्या, एक स्वयंपाकघर, मागे घेवड्याचे वाफे, आणि वाफे संपले की लगेच जंगल. इसाबिर्ये जिंजाहून निघताना म्हणत होता की तान्हं लेकरू घेऊन जंगलात जातेस, डोकं फिरलंय का तुझं? मी म्हटलं, नवरोबा, दूध तुम्ही पाजणार असाल तर ठेवते तुमच्याकडे. माझ्या मार्गदर्शक वान्येंझेबाईंनी परवानगी दिली आहे ती एकाच अटीवर: बाळ जंगलात न्यायचं नाही, केंद्रावर ठेवायचं, जबाबदारी माझी.

पाच महिन्यांत प्रबंध संपवून 'डॉक्टर नांगोबी' होऊन परत जायचं. बस.

५ ऑगस्ट

आज आमचं बारसं झालं. हसू नये, खरंच झालं. इथल्या टोरो लोकांत नुसतं नावानं हाक मारणं उद्धटपणाचं. प्रत्येकाला एक मायेचं नाव असतं, एम्पाको. ठरलेली दहा-बाराच नावं, त्यांतलं एक. भेटल्यावर आधी ते विचारायचं, मग बाकीचं. आम्ही पडलो बुसोगाचे, आमच्यात असलं काही नाही. स्वयंपाकीणबाई कबाहेंडा यांनी कपाळावर हात मारला आणि म्हणाल्या, मग तुम्हाला तिकडे हाक तरी काय मारतात, हड् हड्? लगेच नाचणीचा कालो, म्हणजे उकडीचा घट्ट गोळा, आणि धुरावलेलं मांस मांडलं, आणि सगळ्यांनी मिळून ठरवलं. मी अकीकी. मुतेसी अब्वोली.

कबाहेंडाबाई मुतेसीला दिवसभर पाठीला बांधून हिंडणार आहेत. माझं पिवळं कापड त्यांच्या हवाली केलं. गाठ कशी मारायची हे मी दाखवायला गेले, तर म्हणाल्या, पोरी, या पाठीवर अकरा झोपलीत.

९ ऑगस्ट

पहिला आठवडा जंगलात. रुसोके माझ्याबरोबर असतात. साठीचे, बावीस वर्षं चिंपांझींचा माग काढतायत, एम्पाको अराली. त्यांनी सगळे नियम एका दमात ऐकवले. आठ मीटरांच्या आत जायचं नाही. तोंडाला फडकं. जंगलात खायचं नाही. ज्याला खोकला, तो घरी. धावायचं नाही, काही झालं तरी. आणि जंगलात नेलेलं कोणतंही कापड साबणानं धुवायचं नाही, कारण साबणाचा वास आला की ती झाडावरून उतरतच नाहीत. साध्या पाण्यात खंगाळायचं आणि वाळवायचं. माझ्या आईनं हे पाहिलं असतं तर मला विहिरीत बुचकळलं असतं.

आज एलिमा पाहिली. उजवा कान फाटलेला, शांत, जरा आखडू. पोटाला लेकरू. त्याला अजून नाव नाही, कारण इथे वर्ष काढल्याशिवाय पिल्लाला नाव देत नाहीत. तोवर 'एलिमाचं तिसरं'. वय विचारलं तर आठ महिने! म्हणजे आमच्या मुतेसीबाईंच्याच बरोबरीचं. मी रुसोकेंना म्हटलं, मग एलिमालाही एक एम्पाको देऊन टाका. ते हसले नाहीत. म्हणाले, नाव काय, बादलीलाही ठेवता येतं. एम्पाको दिलं की हाकेला ओ द्यावी लागते. यांना आम्ही ते देत नाही.

२१ ऑगस्ट

हाडघरात दिवस काढला. ही माझी खरी जागा. इथली पद्धत अशी की चिंपांझी मेला की जाळीत गुंडाळून पुरायचा, वर्षानं उकरायचा, हाडं धुऊन त्यांवर शाईनं क्रमांक घालायचा. प्रत्येक पेटीतल्या जिवाची जन्मतारीख ठाऊक, आई ठाऊक. जगात असं घबाड फार थोड्या ठिकाणी आहे.

फक्त माझ्या प्रबंधाला जे हवं तेवढंच नाही. दहा-बारा लाख वर्षांपूर्वीच्या एका आदिमानवी बाळाचा जबडा आणि कवटीचा तुकडा माझ्याकडे मोजून तयार आहे. तुलनेला सहा ते बारा महिन्यांची, जन्मतारीख माहीत असलेली एक चिंपांझी कवटी पाहिजे. एकच. तिच्याशिवाय शेवटचं प्रकरण लंगडं. इथे चार महिन्यांची आहे, दोन वर्षांची आहे, मधलं काही नाही. कारण पिल्लू मेलं तर आई त्याला सोडत नाही. कुजेपर्यंत, वाळेपर्यंत घेऊन हिंडते. एलिमानं तिचं दुसरं अडुसष्ट दिवस वागवलं, शेवटी हाती काहीच लागलं नाही. नियम एवढाच की आईनं ते स्वतःहून खाली ठेवायचं, मग एक सूर्योदय ते दुसरा सूर्योदय वाट पाहायची. ती परत आली नाही तरच उचलायचं.

रुसोके म्हणतात, तुझी कवटी अजून आईच्या कडेवर खेळते आहे, अकीकी. मला ते लागलं. थोडंसंच.

१२ सप्टेंबर

एलिमाचं तिसरं मेलं. खोकल्याची साथ आली होती.

सकाळी लांबून मला वाटलं झोपलंय. रुसोके म्हणाले, नाही, गेलंय. कशावरून? तर त्यांनी बोट दाखवलं. एलिमानं एक डहाळी मोडली होती आणि ती पिल्लाच्या तोंडावरच्या माश्या हाकलत होती, सावकाश, कितीतरी वेळ. ते म्हणाले, जिवंत पोराच्या माश्या कुठलीच आई हाकलत नाही यांच्यात, पोर आपलं आपण हात झाडतं. डहाळी मोडली की समजायचं.

मला वाईट वाटलं. खरंच वाटलं. आणि त्याच क्षणी मनात हिशेब झाला: आठ महिने, एकोणतीस दिवस. मी इथे खोटं लिहिणार नाही. दोन्ही एकदम झालं.

२३ सप्टेंबर

वान्येंझेबाईंचा निरोप आला. डिसेंबरमध्ये प्रबंध दिला नाही तर माझी जागा पुढच्याला. कवटी मिळत नसेल तर विषय आवर आणि आहे त्यावर भागव, म्हणाल्या. भागव! पाच वर्षं मी भागवण्यासाठी घातली का?

एलिमा अजून वागवतेय. अकरा दिवस. पावसानं कातडी सुटतेय, पण कवटी शाबूत आहे. मी रोज दुर्बिणीतून टाळूचे सांधे पाहते. एकदा वरून पडलं तर संपलं. मला तिचा राग येऊ लागलाय. मेलेलं आहे ते, बाई. ठेव ना खाली.

१ ऑक्टोबर

मिळालं.

रुसोकेंना खोकला, त्यांना तीन दिवस जंगल बंद. माग काढणारा दुसरा माणूस नरांच्या मागे गेला. मी एलिमापाशी एकटी. साडेसातला ती उंबरावर चढली आणि चढताना त्याला मुळांच्या बेचक्यात ठेवून गेली. एरवी एका हातानं धरून चढते. आज उंबर लगडला होता, दोन्ही हात हवे होते.

आठ मीटर. मग सहा. मग मी तिथेच होते.

हातमोजे होते, पिशवी नव्हती. पहाटे निघताना गारठा म्हणून मुतेसीचं पिवळं कापड डोक्याला गुंडाळून आले होते, त्यातच बांधलं. वजन काहीच नव्हतं. मी धावले नाही. नियम पाळला म्हणायचा.

अर्ध्या वाटेवर मागून तिचा आवाज आला. मी चिंपांझींचे सगळे आवाज ओळखते, यादीत चौतीस आहेत. हा त्यांत नव्हता.

नोंदीच्या तक्त्यात लिहिलं: आईनं काल सकाळी स्वतःहून खाली ठेवलं, चोवीस तास वाट पाहिली, परतली नाही. रुसोके अंथरुणातून उठून सही करायला आले. एक सूर्योदय ते दुसरा? मी हो म्हटलं. त्यांनी सही केली.

२ ऑक्टोबर

वर्षभर पुरून ठेवायला वेळ कुणाला आहे? हाडघरातल्या पिंपात गरम पाणी आणि कपड्यांचा सोडा घातलाय, रोज पाणी बदलायचं. तीन आठवड्यांत हाडं मोकळी होतील.

पिवळं कापड ओढ्यावर साध्या पाण्यात चारदा खंगाळलं आणि दोरीवर टाकलं. हाताला तीच सवय लागलीये. दुपारी पाहते तो कबाहेंडाबाईंनी मुतेसीला त्यातच बांधलं होतं आणि ती मस्त झोपली होती. काढा म्हणणार होते. का काढा, असं त्यांनी विचारलं असतं.

८ ऑक्टोबर

एलिमा केंद्रावर आली. घेवड्याच्या वाफ्यांपलीकडे बसली. बावीस वर्षांत कुठलीच मादी इथवर आलेली नाही. सगळे फोटो काढत होते. आवारातल्या पेरूंसाठी आली असेल, म्हणाले. रुसोके म्हणाले, पेरू तर संपले.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. तेच जास्त झालं.

१३ ऑक्टोबर

रोज येते. खात नाही. हाडघराकडे बघत नाही, हे मी नीट टिपलंय. पिंपाचा वास एवढा सुटलाय तरी बघत नाही. तिची नजर कपडे वाळायच्या दोरीवर असते.

मी दोरी आत घेतली. मग ती स्वयंपाकघराकडे बघायला लागली.

१६ ऑक्टोबर

पिवळं कापड जाळावं असं मनात आलं. कबाहेंडाबाईंना म्हटलं, हे जुनं झालंय, दुसरं देते. त्या म्हणाल्या, अगं, तिला याच्याशिवाय झोपच येत नाही, काल लपवलं तर छपर उडवलंन रडून. आणि म्हणाल्या, साबण लावू का, जरा कुबट येतो त्याला. मी पटकन हो म्हटलं. मग त्याच हसल्या: नको बाई, तू तेच कापड डोक्याला बांधून जंगलात जातेस आणि रुसोके माझ्या नावानं शंख करतात.

मला सांगता आलं असतं. एक वाक्य. पण मग तक्ता, सही, प्रकरण, सगळंच गेलं असतं. आठच दिवस, असं मी मनाशी म्हटलं.

२० ऑक्टोबर

मोजमापांत चुका. एकच लांबी तीनदा घेतली, तीन उत्तरं.

आज ती वाफ्यांच्या अलीकडे होती. कबाहेंडाबाईंनी भांडं वाजवून हाकललं. गेली नाही, फक्त उठून उभी राहिली. मुतेसीनं पाठीवरून तिला हात केला. टाटा.

मुतेसीला खोलीत कोंडून मी पाजत बसले. इसाबिर्येला कळवलं की शनिवारी ये आणि हिला घेऊन जा. तो म्हणाला, आता का? मी म्हटलं, असंच. भीती वाटते म्हणाले नाही. वाटते. फार वाटते.

२३ ऑक्टोबर

कवटी निघाली! पांढरीशुभ्र, एक सांधा हललेला नाही. आईशप्पथ, इतकी सुंदर वस्तू मी पाहिली नाही. क्रमांक घातला. उद्या सकाळी मोजायची, परवा इसाबिर्ये येईल, संपलं. दोन महिन्यांत आज पहिल्यांदा पोटभर जेवले.

२४ ऑक्टोबर

९.५० — हे उंबराखाली लिहितेय. रुसोके म्हणतात लिही. हात कामात असला की पाय जागेवर राहतात म्हणतात. मी धावले तर ती उडी मारेल.

साडेआठला मी हाडघरात होते. कवटी हातात होती. कबाहेंडाबाई घेवडा तोडायला वाफ्यात. किंकाळी ऐकली. मला वाटलं साप. मी कवटी आधी कापसावर नीट ठेवली. मग बाहेर आले. नीट ठेवली आधी.

बाईंचा दंड फाटलाय. गाठ सुटली नव्हती. एलिमानं कापड ओढलं, गाठीसकट, मुतेसीसकट.

१०.०५ — वर आहे. वीस-बावीस मीटर. त्याच उंबरावर. मुतेसी रडतेय. रडतेय हे चांगलं.

१०.२० — रक्षक बंदूक घेऊन आले. रुसोकेंनी नळी खाली दाबली. गोळी लागली तर दोघी खाली येतील. भुलीचं औषध मारणारे डॉक्टर फोर्ट पोर्टलला. तीन तास.

मग काय करायचं मी विचारलं. रुसोके म्हणाले, वाट पाहायची. आईनं खाली ठेवेपर्यंत—

१०.३५ — रुसोकेंना खरं सांगितलं. सगळं. सही पण. ते ओरडतील वाटलं. फक्त विचारलं, हाडं कुठायत?

१०.५५ — कवटी आणि हाडं सुपात घालून बुंध्याशी ठेवली. आठ मीटर मोजून मी मागे सरले, गुडघ्यांवर. घे म्हटलं. घे, तुझं आहे, माझं दे.

ती खालच्या फांदीवर आली. एका हातात मुतेसी. मुतेसीनं मला पाहिलं. आ करून दोन्ही हात—

एलिमानं फांदीवरून हात खाली घालून कवटी उचलली. हुंगली. शाईचा क्रमांक चाटला. मग बोटं पानांना पुसली, घाण लागल्यासारखी. टाकून दिली.

सोडा. सोड्याचा वास. मी तीन आठवडे धुतलं ते—

तिनं पिवळ्या कापडाचा कोपरा नाकाशी धरला. डोळे मिटले. वर गेली.

११.३० — रुसोके झाडाखाली गेले. टोपी काढली, गुडघे टेकले. तिला एम्पाको दिलं. अमोती. आम्ही सगळ्यांनी ऐकलं. अमोती, बाई, चूक आमची. अमोती, लेकरू दे. तुझं आम्ही नेलं. या म्हाताऱ्यानं सही केली. हवं तर मला ने.

ती त्यांच्याकडे बघत राहिली. ओ दिली नाही. तिला हाक कशी कळणार—आम्ही कधी मारलीच नाही.

११.५० — रडतेय. आवाज बसलाय. माझं दूध वाहतंय, पुढचं सगळं भिजलंय.

१२.१० — तिला छातीशी लावलं. माझ्या मुलीला. दूध कुठे असेल तिला आता—

१२.३० — आणखी वर. दुसरीकडे जाईल का? मागे जायचं. रोज. अडुसष्ट दि— नाही. नाही.

१२.४० — रडायची थांबली. झोपली. या वेळेला झोपतेच. त्या कापडात लगेच झोपते.

१२.५५ — दुर्बीण. रुसोके देत नव्हते. हिसकावली. झोपलीच आहे. हात खाली लोंबतोय. झोपेत लोंबतो तिचा. नेहमी.

१.०५ — एलिमा काहीतरी शोधतेय. फांद्या चाचपतेय.

डहाळी मोड

पानं आहेत तिला. खायला असेल. खायला मोडली. मुतेसी, हात झाड. अब्वोली, ओ दे. हात झाड गं, एकदा, नाकावर बसलीये, एकदा हात—